तीन डावांवरून खेळाडू कळतो का? ऋतुराज, चेन्नई आणि संयमाचं गणित

मागच्या काही लेखांत आपण सॅम्पल साइज, पी-व्हॅल्यू आणि कंट्रोल या गोष्टी बघितल्या. त्यावर एक प्रश्न वारंवार येतो: हे सगळं प्रयोगशाळेत ठीक आहे, पण माणसांबद्दलचे निर्णय घेताना याचा काय उपयोग? म्हणून आज क्रिकेट घेऊ. क्रिकेटमधलीही एकच गोष्ट, जी जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक अभ्यासिकेत कुणी ना कुणी सांगतंच. ऋतुराज गायकवाडच्या पहिल्या आयपीएल हंगामाची गोष्ट.

ती साधारण अशी सांगतात. २०२० मध्ये पुण्याचा एक पोरगा चेन्नई सुपर किंग्जकडून खेळायला उतरला. पहिले तीन डाव ०, ५, ०. लोकांनी टिंगल केली. पण संघाने संयम ठेवला, धोनीने विश्वास ठेवला, आणि पुढच्या तीन डावांत त्याने ६५, ७२, ६२ केल्या. तात्पर्य: धीर धरा, फळ मिळेल.

गोष्ट ऐकायला छान आहे आणि आकडेही खरे आहेत. पण आकडे खरे असले म्हणजे निष्कर्ष खरा असतोच असं नाही, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं. माझं म्हणणं असं की ही गोष्ट चुकीची सांगितली जाते. संयमाचा खरा पुरावा त्याच खेळाडूच्या कारकिर्दीत आहे, पण आपण बोट भलत्याच जागी ठेवतो. आणि त्या चुकीच्या वाचनाची किंमत शेवटी तुमच्या-माझ्यासारखे नवखे संशोधक मोजतात.

आधी घटनाक्रम नीट लावू

प्रयोगाच्या वहीत लिहितो तसं तारखांसकट लिहू.

ऋतुराजला चेन्नईने २०१९ च्या हंगामाआधीच्या लिलावात २० लाखांना घेतलं. त्या अख्ख्या हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२० ची आयपीएल कोविडमुळे अमिरातीत झाली. तिथे पोहोचल्यावर त्याला कोविड झाला आणि सराव इतरांपेक्षा बराच उशिरा सुरू झाला.

२२ सप्टेंबर २०२०, शारजा, राजस्थानविरुद्ध पदार्पण. मधल्या फळीत आला आणि पहिल्याच चेंडूवर यष्टीचीत. ० धावा.

२५ सप्टेंबर, दुबई, दिल्लीविरुद्ध. ५ धावा, धावबाद.

त्यानंतर तो संघाबाहेर. रायुडू दुखापतीतून परतला आणि चेन्नई पुढचे ७ सामने ऋतुराजशिवाय खेळली.

२३ ऑक्टोबर, शारजा, मुंबईविरुद्ध. या वेळी सलामीला. बोल्टने पायचीत केलं. ० धावा. चेन्नईने हा सामना १० गडी राखून गमावला आणि प्लेऑफच्या आशा जवळपास संपल्या.

२५ ऑक्टोबर, बंगळूरविरुद्ध नाबाद ६५. २९ ऑक्टोबर, कोलकात्याविरुद्ध ७२. १ नोव्हेंबर, पंजाबविरुद्ध नाबाद ६२. तिन्ही सामन्यांत सामनावीर. हंगामाची बेरीज ६ डावांत २०४, सरासरी ५१.

आता हे पुन्हा वाचा आणि सांगा, यात संयम नक्की कुठे आहे? दोन डावांनंतर पोराला बसवलं. जवळपास महिनाभर बसवलं. परत आणलं तेव्हा संघाची अवस्था अशी होती की हरण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आपल्याकडे म्हणतात तसं, बुडत्याचा पाय खोलात, मग नव्याला खेळवून बघू. याला संयम म्हणणं म्हणजे शब्दाचा भाव फार स्वस्त करणं.

'स्पार्क' नावाचा निष्कर्ष

याच काळातली आणखी एक गोष्ट. १९ ऑक्टोबरला चेन्नई राजस्थानकडून हरली. त्यानंतर धोनीने सांगितलं की अनुभवी खेळाडूंना बाजूला करून जागा द्यावी, असा स्पार्क संघातल्या तरुणांमध्ये दिसला नाही. त्यावर खूप गदारोळ झाला. माजी निवडकर्ता कृष्णम्माचारी श्रीकांत यांनी तर जाहीरपणे विचारलं की मग केदार जाधवमध्ये कोणता स्पार्क दिसला?

धोनीवर टीका करणं सोपं आहे, आणि कर्णधाराला शंभर गोष्टी सांभाळायच्या असतात हेही खरं. पण संशोधक म्हणून आपण एवढंच विचारू: हा निष्कर्ष किती निरीक्षणांवर उभा होता?

त्या दिवसापर्यंत चेन्नईच्या दोन नव्या भारतीय फलंदाजांनी मिळून फलंदाजी केली होती ३ वेळा. ऋतुराज दोनदा, ० आणि ५. नारायण जगदीशन एकदा, बंगळूरविरुद्ध ३३. गंमत म्हणजे ३३ धावा करणारा जगदीशन पुढच्याच सामन्यात संघाबाहेर होता. संघरचनेची कारणं असतील, एक जास्तीचा फिरकीपटू हवा असेल. पण एकूण डेटा ३ डाव.

दुसरीकडे केदार जाधव. तोही आपल्या पुण्याचाच, त्यामुळे कुणी प्रांतवाद काढू नये. अनुभवी खेळाडू. त्या हंगामात ८ सामने, ६२ धावा. म्हणजे संयम संघाकडे होता. फक्त तो नावावर खर्च होत होता, नव्यावर नाही.

हे फक्त क्रिकेटमध्ये होतं असं समजू नका. ज्याचं नाव आधीच झालंय त्याच्या अपयशाला आपण 'फॉर्म गेलाय' म्हणतो आणि नव्याच्या अपयशाला 'लायकी नाही' म्हणतो. एकाच निरीक्षणाला दोन स्पष्टीकरणं. कोणाला कोणतं लावायचं हे डेटा बघायच्या आधीच ठरलेलं असतं. प्रयोगशाळेतही बघा. सीनियरचं रिडिंग चुकलं की 'मशीनला प्रॉब्लेम असेल', आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं चुकलं की 'याला हात नाही'.

तीन डावांत किती माहिती असते?

आता थोडं गणित. घाबरू नका, अकरावीच्या पलीकडचं नाही.

समजा एक चांगला सलामीवीर आहे. टी-२० मध्ये सलामीला येऊन तो तीनपैकी एका डावात दहाच्या आत बाद होतो असं धरू. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. मग सलग तीन डाव दहाच्या आत बाद व्हायची शक्यता १/३ × १/३ × १/३, म्हणजे १/२७. साधारण ४ टक्के. कमी वाटते ना? पण हंगामात त्याला १४ डाव मिळतात. त्या १४ डावांत कुठेतरी सलग तीन अपयशांची माळ लागायची शक्यता काढली तर ती २८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे असे दहा चांगले सलामीवीर घेतले तर त्यातल्या जवळपास तिघांच्या वाट्याला एकाच हंगामात अशी माळ येणार. कुणाचाही फॉर्म न जाता आणि कुणाचंही तंत्र न बिघडता.

जुन्या खेळाडूची ही माळ हंगामाच्या मध्यात आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नव्याची सुरुवातीलाच आली तर तीच त्याची ओळख होते. माळ तीच, फक्त जागा बदलली.

शेतकरी घरच्या पोरांना हे वेगळ्या भाषेत आधीपासून माहीत आहे. पेरणीआधी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासतात तेव्हा काय करतात? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवतात, गुंडाळतात, रोज पाणी शिंपडतात, आणि आठवड्याने कोंब मोजतात. सत्तरच्या वर आले तर बियाणं पेरायला चालतं. मूठभर पोत्यातून तीनच दाणे घेतले, ते उगवले नाहीत, आणि अख्खं पोतं उकिरड्यावर ओतलं, असं करणारा माणूस साक्रीत किंवा चोपड्यात तुम्हाला सापडणार नाही. बियाण्याच्या बाबतीत आपण एवढे शहाणे आहोत. पोरांच्या बाबतीत मात्र तीन दाण्यांवर पोतं ओततो.

मग किती डाव द्यायचे?

'संयम ठेवा' सांगणारे लोक इथेच थांबतात. पण किती संयम, कोणावर, कशाच्या आधारावर? उत्तर बेझच्या नियमात आहे. त्याला सोप्या भाषेत 'आधी काय माहीत होतं' असं म्हणू.

समजा दोनच प्रकारचे फलंदाज आहेत. चांगला तीनपैकी एकदा अपयशी ठरतो, कच्चा दोनपैकी एकदा. समोरचा पोरगा सलग तीनदा अपयशी ठरला. चांगल्याच्या बाबतीत याची शक्यता १/२७, कच्च्याच्या बाबतीत १/८. म्हणजे हा पुरावा कच्चेपणाच्या बाजूने साडेतीन पटीच्या आतच झुकतो.

आता त्याच्याबद्दल आधी काहीच माहीत नसेल, चांगला-कच्चा फिफ्टी-फिफ्टी असेल, तर तीन अपयशांनंतर तो चांगला असण्याची शक्यता साधारण २३ टक्के उरते. पण तुम्ही त्याला आधी भरपूर बघितलं असेल आणि तो चांगला असण्याची खात्री पाचात चार असेल, तर? तर तीन अपयशांनंतरही ती शक्यता ५४ टक्के राहते. म्हणजे सलग तीन भोपळे बघूनसुद्धा शहाणा माणूस म्हणेल, 'चांगलाच असायची शक्यता जास्त.'

ऋतुराजबद्दल आधी काय माहीत होतं? जून २०१९ मध्ये बेळगावला भारत 'अ' संघाकडून श्रीलंका 'अ' विरुद्ध त्याने नाबाद १८७ केल्या होत्या. महाराष्ट्राकडून तो वर्षानुवर्षं सलामीला खेळत होता. चेन्नईच्या नेटमध्ये तो दोन हंगाम दिसत होता. त्याच्यावर टाकायच्या संयमाला आधार होता तो या माहितीचा. त्याचा चेहरा शांत होता की डोळ्यांत स्पार्क होता, याचा हिशोबात काही संबंध नाही.

म्हणून माझी पहिली तक्रार 'संयम ठेवा' या वाक्यावरच आहे. संयमाला आधार लागतो. आधार नसलेला संयम म्हणजे आळस, निर्णय टाळणं. आणि आधार असताना न ठेवलेला संयम म्हणजे डेटा फेकून देणं.

बदललं काय, आणि श्रेय कुणाला?

दुसरी तक्रार आणखी महत्त्वाची. पहिल्या दोन डावांत ऋतुराज मधल्या फळीत आला, नुकताच आजारातून उठलेला. धोनीनेही नंतर सांगितलं की कोविडमुळे त्याला नीट बघायलाच मिळालं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तो सलामीला आला, जी त्याची नेहमीची जागा. मध्ये महिनाभराचा सराव झाला होता. आणि संघावरचं दडपणही उतरलं होतं.

म्हणजे एकाच वेळी निदान तीन गोष्टी बदलल्या: जागा, तब्येत आणि दडपण. आणि आपण श्रेय देतो चौथ्याच गोष्टीला, संयमाला. तुमच्या प्रयोगात तापमान, पीएच आणि कॅटॅलिस्ट एकाच दिवशी बदललेत आणि उत्पादन वाढल्यावर 'मी धीर धरला म्हणून झालं' असं थिसिसमध्ये लिहिलंत, तर व्हायवाला बाहेरचे परीक्षक काय म्हणतील? तेच मी या गोष्टीबद्दल म्हणतोय.

यातून निघणारा धडा 'धीर धरा' यापेक्षा उपयोगी आहे. नव्या माणसाला जोखण्याआधी तो त्याच्या जागेवर आहे का ते बघा. सलामीवीराला पाचव्या क्रमांकावर पाठवून 'याला जमत नाही' हा निष्कर्ष काढता येत नाही. सिंथेसिसमध्ये तयार झालेल्या पोराला पहिल्याच सहामाहीत सिम्युलेशनवर बसवून त्याची गती मोजता येत नाही.

खरा संयम २०२१ मध्ये

आता ती गोष्ट सांगतो जी अभ्यासिकेत सांगितली जात नाही.

२०२१ चा हंगाम. ऋतुराजचे पहिले तीन डाव: ५, ५, १०. पुन्हा तेच. या वेळी चेन्नईचा हंगाम उघडा होता, विजेतेपद हाताशी येण्यासारखं होतं, आणि बाकावर रॉबिन उथप्पासारखा अनुभवी सलामीवीर बसलेला होता. बाहेरून आवाज होता की बदला याला. संघाने बदलला नाही. २१ एप्रिलला वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध त्याने ६४ केल्या. हंगाम संपला तेव्हा त्याच्या १६ सामन्यांत ६३५ धावा होत्या, ऑरेंज कॅप त्याच्याकडे होती, सहकारी डू प्लेसी २ धावांनी मागे होता, आणि चेन्नई विजेती होती.

हा संयम. कारण इथे किंमत मोजायची तयारी होती. पर्याय हजर असताना, हरण्यासारखं खूप असताना, आधीच्या माहितीवर विश्वास ठेवून घेतलेला निर्णय. जागा बदलली नाही, भूमिका बदलली नाही. बदलला तो फक्त डावांचा आकडा. २०२० मध्ये संघाची मजबुरी होती, २०२१ मध्ये निर्णय होता. दोन्हींचा शेवट गोड झाला म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. निर्णय चांगला होता की नाही हे निकालावरून ठरवायचं नसतं. तो घेतला त्या क्षणी हातात काय माहिती होती, यावरून ठरवायचं असतं. ६४ च्या जागी तो पुन्हा ५ वर बाद झाला असता तरी त्याला त्या दिवशी खेळवणं बरोबरच होतं.

आणि २०२२? पहिले पाच डाव ०, १, १, १६, १७. मग ७३. एव्हाना सगळ्यांना 'पॅटर्न' सापडला होता: ऋतुराज स्लो स्टार्टर आहे. तीन हंगामांतले सुरुवातीचे तीन-तीन डाव जोडले तर ९ डावांत २७ धावा. उरलेल्या २७ डावांत ११८०. एवढा ठसठशीत फरक बघून कुणालाही वाटेल की यात नक्की काहीतरी आहे. मग आला २०२३. ३१ मार्चला अहमदाबादला पहिल्याच सामन्यात ५० चेंडूंत ९२. पुढच्या सामन्यात ५७.

पॅटर्न गेला कुठे? कदाचित तो कधी नव्हताच. कदाचित होता आणि त्याने मेहनत करून सुधारला. तीन हंगामांच्या डेटावरून यातलं काय खरं हे सांगता येत नाही, आणि 'सांगता येत नाही' हे म्हणायला शिकणं हाच अर्धा पीएच.डी. आहे. शिवाय 'पहिले तीन डाव' ही खिडकी आपण डेटा बघितल्यानंतर निवडली हे विसरू नका. खिडकी नंतर निवडली की कुठलाही आकडा ठसठशीत दिसतो.

जे परत आले नाहीत त्यांचं काय?

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली कारण ऋतुराज पुढे मोठा झाला. ०, ५ नंतर बसवलेले आणि परत कधीच न दिसलेले किती? त्यांच्यावर कुणी लेख लिहित नाही. वाचलेल्यांवरून नियम काढला की नियम नेहमी गोड निघतो. सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात तो हाच.

अमेरिकन फुटबॉलमध्येही अशीच एक लाडकी गोष्ट आहे. त्या खेळात रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो. बचावपटूंना चुकवून पुढे पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा, हे त्याचं काम. जेरी राइस १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात नवखा होता आणि हातातले चेंडू सोडायचा. प्रेक्षक हुर्यो उडवायचे. पुढे तोच त्या खेळाच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड मिळवणारा रिसीव्हर झाला. पण ही गोष्ट सांगणारे एक आकडा गाळतात. त्या 'वाईट' पहिल्या हंगामातही त्याने ४९ झेल घेऊन ९२७ यार्ड मिळवले होते. चेंडू सुटत होते, कारण तो बचावपटूंना चुकवून चेंडूपर्यंत पोहोचत होता. जो पोहोचतच नाही त्याचे झेल सुटत नाहीत. संघाला दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजता आल्या: मोकळी जागा शोधणं, जे अवघड आहे आणि त्याला येत होतं, आणि चेंडू पकडणं, जे सरावाने सुधारतं. पुढच्याच वर्षी त्याने १५७० यार्ड केले.

संयम कोणावर ठेवायचा याचा हा दुसरा निकष. निकाल बघू नका, निकालाच्या आधीच्या पायऱ्या बघा.

आता तुमच्याकडे येऊ

तुम्ही म्हणाल, भो, हे सगळं आम्हाला कशाला? कारण थोड्याच दिवसांत तुम्ही पहिल्या बाजूलाही असाल आणि पुढे दुसऱ्या बाजूलाही.

पहिली सहामाही. कोर्सवर्क चालू, प्रयोग चालत नाही, पहिल्या प्रगती अहवालात दाखवायला काही नाही. समितीपुढचं पहिलं सादरीकरण पडतं. पहिला पेपर परत येतो. ०, ५, ०. घरून फोन येतो, 'अजून किती वर्षं?' गावातला वर्गमित्र तोवर नोकरीला लागलेला असतो. त्या वेळी तीन डावांवरून निष्कर्ष काढायची घाई बाहेरच्यांपेक्षा तुम्हालाच जास्त होते. सोडून जाणारे बरेच जण बाहेर काढले जात नाहीत, ते स्वतःच स्वतःला बसवतात.

त्या वेळी भिंतीवरचं 'धीर धरा' कामाला येणार नाही. हे चार प्रश्न येतील.

एक, आधी काय माहीत होतं? नेट, सेट, पेट, एम.एस्सी.चा प्रकल्प, विषयाची खरी गोडी. हा तुमचा बेळगावचा १८७ आहे. तीन वाईट महिन्यांनी तो पुसला जात नाही, थोडा पातळ होतो एवढंच.

दोन, मी माझ्या जागेवर आहे का? विषय, तंत्र, उपकरण, मार्गदर्शक यांतलं काही चुकीचं असेल तर ते आधी बदला. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

तीन, पायऱ्या सुधारतायत का? उत्पादन शून्य असेल, पण ब्लँक नीट येतोय का? कॅलिब्रेशनची रेषा सरळ होतेय का? गेल्या महिन्यात न कळलेला पेपर या महिन्यात कळतोय का? सुधारत असतील तर झेल सुटू द्या.

चार, आणि हा सगळ्यात कठीण: किती डाव, हे आधी ठरवलंय का? संयमाला शेवट हवा. युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, पुनर्नोंदणी केली तर आणखी २. जेआरएफवाल्यांचं दोन वर्षांनी एसआरएफसाठी मूल्यमापन होतं. या औपचारिक खुणांच्या आत तुमच्या स्वतःच्या खुणा पेन्सिलने आखा. 'या पद्धतीला अजून दहा प्रयत्न, अमुक महिन्यापर्यंत, मग दुसरी पद्धत.' प्रयत्न सुरू करायच्या आधी लिहा. नंतर ठरवलेली मर्यादा आशेने सरकते किंवा निराशेने आखडते.

कारण न संपणारा संयमही क्रूर असतो, हे 'धीर धरा' सांगणारे विसरतात. बाकावर बसलेल्या आयपीएल खेळाडूला करारातले पैसे मिळतात. फेलोशिप नसलेल्या, तासिका तत्त्वावर शिकवत, जामनेर किंवा शिंदखेड्याहून एसटीने रोज येजा करत संशोधन करणाऱ्या पोराला किंवा पोरीला सहावं वर्ष फुकट मिळत नाही. 'होईल हळूहळू' असं त्यांना सांगणारा मार्गदर्शक दयाळू वाटतो. पण त्याने पायऱ्या मोजल्या नसतील आणि मर्यादा सांगितली नसेल, तर तो फक्त वाईट बातमी पुढे ढकलतोय, आणि उशिराचं व्याज विद्यार्थी भरतोय. चांगला मार्गदर्शक दोन्ही आकडे समोर ठेवतो: तुझ्यावर मी इतके डाव लावायला तयार आहे, आणि त्यात मी हे-हे बघणार आहे.

आणि कधीतरी तुम्हीही सीनियर व्हाल. प्रयोगशाळेत नवं पोरगं येईल, पहिल्या आठवड्यात क्युव्हेट फोडेल, दुसऱ्या आठवड्यात चुकीचं द्रावण बनवेल. तेव्हा 'याच्यात स्पार्क नाही' असं म्हणायच्या आधी एवढंच मोजा: मी याचे किती डाव बघितले, आणि याला पाठवलं कोणत्या क्रमांकावर?

पुढच्या लेखात हेच 'आधी काय माहीत होतं' हे प्रकरण नीट आकडेमोडीसह घेऊ, बेझचा नियम पाटी-पेन्सिलवर. तोपर्यंत वरचं ४ टक्के आणि २८ टक्क्यांचं गणित स्वतः करून बघा. ४ टक्के लगेच येईल. २८ ला घाम फुटेल, पण सुटेल.